किंचित अस्वस्थ

"आजी, जीभ दाखवा," असे त्या काचेतून कुणीतरी म्हणाले, आणि काय करावे ते मला क्षणभर कळेना. आज्ञा ऐकण्याची सवय सुटून मला फार वर्षे झाली होती, हे त्याचे एक कारण. आणि आज्ञा करणारी बाई पुण्यात बसलेली होती, हे दुसरे. समोर चाकांच्या लोखंडी घडवंचीवर एक दूरचित्रवाणी संच होता, आमच्या दिवाणखान्यातल्या संचाहून थोडा मोठा. त्यात खांद्यापर्यंत एक तरुण स्त्री दिसत होती. गळ्यात तपासणीची नळी, केस मागे घट्ट बांधलेले, कपाळ मोकळे. मला आजवर आजी म्हणण्याचा अधिकार फक्त दोघा नातवंडांनी मिळवला होता. बाकी सगळ्या इंदुराला, निदान माझ्या ओळखीच्या इंदुराला, मी आईसाहेब. पण त्या आज्ञेत उर्मटपणा नव्हता, घाई होती. आणि पुण्याहून निघालेली घाई इंदुरात, माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहते या गोष्टीचे मला रागाहून नवल अधिक वाटले. मी जीभ बाहेर काढली. माझी जीभ, जी मी आरशातही कधी पाहिलेली नव्हती, ती या क्षणी पुण्यातल्या एका खोलीत दिसत असेल, तिथल्या भिंतीवर कॅलेंडर असेल, खिडकी असेल, बाहेर एखादी रिक्षा वळत असेल, असे काहीतरी मनात येत राहिले. "थोडी अजून," ती म्हणाली. मी थोडी अजून काढली.

या खोलीत मी आले ती भूषणच्या हट्टाने. भूषण माझा थोरला. मिलच्या विणाई विभागात तो अधिकारी होता. मागांच्या आवाजावरून कोणता माग आजारी आहे ते ओळखतो, असे त्याचे वरिष्ठ मला घरी येऊन सांगत असत. मग मिल बंद पडली. फाटकाला कुलूप लागले, फाटकाबाहेर कामगारांचा मंडप लागला, तो मंडप उन्हापावसाने फाटून नवा लागला, आणि भूषण सियागंजातल्या एका यंत्रसामानाच्या दुकानात बसू लागला. माझ्या यजमानांच्या, दौलतरावांच्या मुलाने गल्ल्याशेजारी बसावे हे मला रुचले नाही, हे मी त्याला सांगितले नाही. त्याला ते सांगण्याची गरज पडली नाही. पुढे कुठूनसा तो संगणकाच्या वर्गाला जाऊ लागला, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारच्या बाकावर बसून, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला की शहरातल्या एका नव्या इस्पितळाने त्याला ठेवून घेतले आहे. काम काय, तर इथल्या आजाऱ्याला दूरच्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांशी तारेतून भेटवायचे. लाइन जोडायची, जुळवायची, तुटली की पुन्हा जोडायची. "म्हणजे तुटलेला धागा जोडायचा," मी म्हटले. तो हसला होता. फार दिवसांनी हसला होता. त्यामुळे माझ्या पोटाची कुरकुर सुरू झाली आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा म्हणून सांगितले, तेव्हा भूषण म्हणाला, "आईसाहेब, पुण्याला जायची जरूरतच नाही. पुणं मी आणतो ना तुमच्यासमोर. तुम्ही बस येऊन बसायचं." मुलाने आणलेले पुणे पाहायला नाही म्हणणे मला जमले नाही.

"बोलून झालं की जरा थांबायचं हं, आईसाहेब," त्याने मला खुर्चीत बसवताना समजावले होते. "आवाज तिकडे पोचायला थोडा वक्त लागतो. मध्येच बोललात तर दोन्ही आवाज भांडतात." मग दाराबाहेरच्या कुणाला तरी, "अरे भिया, ए.सी. कमी कर ना जरा," असे सांगून तो घडवंचीमागच्या तारांत वाकला. माझ्या बाजूला स्टुलावर मंजिरी, भूषणची बायको, पदर सावरून बसली होती. बोलायचे काम तिचे होते, असे आमचे घरीच ठरले होते. म्हणजे मी ठरवले होते. राजेंद्र नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात सकाळी मी तिला सांगितले होते की जेवणानंतर किंचित जळजळ होते, कधी किंचित अस्वस्थ वाटते, एवढे सांग. "बस, इतकंच?" ती म्हणाली होती. "इतकेच." "आणि ते ब्लाउजचं?" कारण माझे ब्लाउज मी दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवले होते आणि हे तिने पाहिले होते, मी तिला दाखवले नसतानाही. "ब्लाउज डॉक्टरांना कशाला हवेत?" मी विचारले होते, आणि ती फोडणीकडे वळली होती. जे तिने पाहिले नव्हते ते मी तिलाही सांगितले नव्हते. दिवाळीपासून अधूनमधून मला शौचाला काळे होत होते. ओल्या डांबरासारखे, तसेच चिकट. मोरीत मी पाणी जास्त ओतत असे, इतकेच. ते काय असते हे मला कुणी सांगायला नको होते. आमच्या घरात ते मी पूर्वी एकदा पाहिलेले होते.

काचेच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या पाकिटाएवढी एक चौकट होती आणि तिच्यात एक म्हातारी बसलेली होती. तिची जीभ आत गेली तेव्हा मला कळले की ती मी. आरशात माणूस स्वतःला सावरून मगच पाहतो. या चौकटीतल्या बाईला कुणी सावरायची संधी दिलेली नव्हती. तिची मान पुढे आलेली होती. हनुवटीखालची कातडी रिकाम्या पिशवीसारखी. मी तिच्या डोळ्यांत पाहू गेले तर ती भलतीकडेच, खाली कुठेतरी पाहत होती. "आईसाहेब, तिथे नाही, वर बघा, कॅमेऱ्यात," भूषण म्हणाला. "तुम्ही त्यांच्याकडे बघता ना, तर त्यांना वाटतं तुम्ही खाली बघताय." मला ही व्यवस्था फार विलक्षण वाटली. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला डोळा द्यायचा, तर त्यांच्याकडे न पाहता संचावर बसवलेल्या एका काळ्या काचेच्या बटणाकडे पाहायचे. आणि त्यांच्याकडे पाहिले, तर त्यांना दिसणार खाली घातलेली नजर. म्हणजे एकमेकींना एकाच वेळी पाहण्याची सोय या यंत्रात नव्हती. आमच्या गोषातही ती नव्हती.

गोषा मी सोडला त्याला आता अर्धे शतक होत आले. संस्थान विलीन झाले, दरबार गेला, दौलतराव सचिवालयात साधे अधिकारी झाले आणि मी उघड्या चेहऱ्याने बाहेर पडले. सभांच्या अध्यक्षपदी बसले, मंत्र्यांना उभे राहून प्रश्न विचारले. पण लग्न होऊन छत्रीबागेतल्या घरी आले तेव्हा मी कोवळी पोर होते आणि त्या घरातल्या बायकांचे जग दाराच्या जाड, कापूस भरलेल्या पडद्यापाशी संपत असे. डॉक्टर येत ते पडद्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसत. मला ते केवळ पायांनी ठाऊक होते. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता आणि त्याखालून त्यांचे तपकिरी बूट दिसत; विलायती, नाडीचे, टाचेपाशी झिजलेले. घरात बूट घालून येणारा तो एकच माणूस, आणि ते गेल्यावर तेवढी फरशी धुतली जाई. बूट काय विचार करत आहेत ते ओळखण्याचा मला नाद लागला होता. डावा बूट पुढे सरकला की प्रश्न येई. दोन्ही टाचा जवळ आल्या की डॉक्टर औषध सांगत. या काचेतल्या डॉक्टरीणबाईंना मात्र चेहराच चेहरा होता आणि पाय मुळीच नव्हते. त्या केव्हा उठणार, केव्हा कंटाळणार, हे मी कशावरून ओळखायचे?

त्या काळात डॉक्टरांनी एकदा अशीच जीभ मागितली होती. माझ्या सासूबाईंची, आनंदीबाईसाहेबांची. पडद्याबाहेरून आवाज आला, "बाईसाहेबांची जीभ पाहायला हवी." आमच्याकडे गंगूबाई नावाची जुनी दासी होती. पडद्यातून ये-जा करणाऱ्या शब्दांचा ताबा तिच्याकडे असे. ती समई घेऊन सासूबाईंपाशी गेली, त्यांनी मान भिंतीकडे वळवून जीभ तिला दाखवली, आणि मी उशाशी बसले होते म्हणून मलाही दिसली. चुन्यासारखी पांढरी. गंगूबाई पडद्याशी परत आली आणि म्हणाली, "गुलाबी आहे हो, डॉक्टरसाहेब." खोटे बोलण्याचा तिचा स्वभाव नव्हता. पण पडद्यापलीकडे घरातली गोष्ट जाताना ती न्हाऊमाखू घालून, बरी वस्त्रे नेसवून पाठवायची, ही रीत होती, आणि रीत गंगूबाईला सासूबाईंनीच शिकवली होती. डावा बूट किंचित हलला होता, एवढे मला आठवते.

"जीभ जरा फिकी वाटतेय," काचेतल्या बाई म्हणाल्या. त्यांचे नाव सुरभी, हे भूषणने सांगितले होते. आडनावही सांगितले होते, ते मी ऐकले नाही. "कॅमेऱ्यामुळे पण असेल. बरं, इंदूरचे पेशंट म्हणजे आधी एक विचारून घेते. सेव किती खाता?"

तारांमागून भूषण हसला. मंजिरीने माझ्याकडे पाहिले. हा प्रश्न ठरलेल्यात नव्हता.

"सेव म्हणजे काही खाणे नव्हे," मी म्हटले. "ती ताटात असतेच."

माझे वाक्य गेले. ते पोचेपर्यंत त्या बाईंचा चेहरा प्रश्न विचारलेल्याच स्थितीत राहिला आणि मग एकाएकी हसला. "तेच. मला तिकडचे सगळे हेच सांगतात. पोह्यावर सेव, आमटीवर सेव, आणि विचारलं तर म्हणे, खातच नाही. त्रास कधीपासून आहे?"

"होऊन गेले असतील काही महिने," मंजिरी ठरल्याप्रमाणे म्हणाली, "म्हणजे, दिवाळीच्या आगेमागे."

कधीपासून. मला वाटले, हे मंजिरीला कसे ठाऊक असणार? दुखणे दिवाळीपासूनचे, पण भूक त्याच्या कितीतरी आधी गेली होती. ती भोंग्याबरोबर गेली. छत्रीबागेत असताना मिलचे भोंगे स्पष्ट ऐकू येत. एकामागून एक, प्रत्येक मिलचा गळा निराळा. आमच्या घरची ताटे भोंग्यावर मांडली जात. घड्याळे होती, दरबारातून मिळालेले एक उंच घड्याळही होते, पण ते पाहुण्यांसाठी. पोट भोंग्याचे ऐके. तो वाजला की तोंडात पाणी सुटे, अगदी मन दुसरीकडे असले तरीही. राजेंद्र नगरला राहायला आलो तेव्हा पहाटेचा भोंगा वाऱ्यावर बारीक होऊन येई आणि पोटात काहीतरी वळून बसे. मग एकेक गळा बंद झाला. शेवटचा कोणता बंद झाला ते लक्षात आले नाही. एके दिवशी मला दिसले की ताट समोर आहे, वेळ झालेली आहे, आणि आतून कुणी उठलेले नाही. तेव्हापासून मी जेवते ती इतरांनी जेवावे म्हणून. ही गोष्ट पोटाच्या तज्ज्ञांना सांगण्यासारखी आहे की नाही, याचे मला खरोखर कुतूहल वाटले. त्यांच्या पुस्तकात भोंग्याला काही नाव असेल का? मिल बंद पडल्यावर फक्त कामगारांची पोटे रिकामी झाली, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. माझ्या पोटाबद्दल मीही कुठे काही लिहिले किंवा बोलले नव्हते.

"जेवल्यावर दुखतं? की उपाशीपोटी?"

"जेवल्यावर किंचित जळजळ होते," मंजिरी म्हणाली. "आणि कधी कधी ना, किंचित अस्वस्थ वाटतं त्यांना."

तिने तो शब्द अगदी माझ्या सुरात म्हटला. इंदुरात वाढलेली पोर. एरवी 'थोडंसं' म्हणते, 'जरासं' म्हणते, 'बस इत्तुसं' म्हणते. किंचित हा तिचा शब्द नव्हे. तो माझाही नव्हे. तो मी कुणाकडून घेतला होता ते मला त्या खुर्चीत, त्या गार खोलीत आठवले.

"उलटी? वजन कमी झालंय?"

मंजिरीची नजर माझ्या दंडावर, ब्लाउजच्या शिवणीवर येऊन गेली. "तसं काही खास नाही," ती म्हणाली.

"शौचाला कसं होतं? रंग वगैरे?"

"नॉर्मल," मंजिरी म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, म्हणजे ते तिच्या तोंडून निघाल्यासारखे होऊ नये.

"ठीक आहे." बाईंनी मान खाली घालून लिहायला घेतले. केसांतला भांग दिसला. त्या बोलत राहिल्या. "ॲसिडिटीच दिसतेय, आजी. गोळ्या लिहून देते, सकाळी उपाशीपोटी एक. तिखट कमी. सेव बंद, म्हणजे ताटातली पण. तीन महिन्यांनी पुन्हा आपण—"

आणि त्या तशाच थांबल्या. ओठ अर्धवट उघडे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, लेखणी कागदावर टेकलेली. आवाज खरवडल्यासारखा झाला आणि बुडाला. "अरे यार," भूषण पुटपुटला. "गेली लाइन. घाबरू नका आईसाहेब, बस अभी जोडतो." तो लाइन जोडणाऱ्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यातल्या सुरांकडे कान लावून राहिला, मान थोडी तिरकी, डोळे कशाकडेही न पाहणारे. मागांमध्ये तो असाच उभा राहत असेल. मी त्याला तिथे कधी पाहिले नव्हते.

थांबलेल्या त्या चेहऱ्याकडे मी निवांत पाहू शकले. आता त्यांना काही दिसत नव्हते. चांगला चेहरा होता. थकलेला होता. या मुलीने मला जे विचारले त्याचे उत्तर घेऊन ती तिचे काम नीट करत होती. किंचितचा उपचार लिहीत होती. पडद्यापलीकडच्या त्या डॉक्टरांनीही तेच केले होते. जीभ पाहून झाल्यावर, म्हणजे न पाहून झाल्यावर, ते म्हणाले होते, "पोट तपासावे लागेल. कुणीतरी हात ठेवा, मी सांगतो तसा दाबा." गंगूबाईने सासूबाईंच्या पोटावर लुगड्यावरूनच हात ठेवला. बाहेरून आवाज येई, "वर. अजून वर. आता दाबा. दुखते का?" हात दबला तेव्हा सासूबाईंनी पदराचा बोळा दातांत धरला. त्यांच्या गळ्याच्या शिरा मी वीतभर अंतरावरून पाहिल्या. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेले. मग त्यांनी तोंडातला पदर काढला, श्वास सावरला, आणि राणीने नजराण्याला हात लावावा तशा स्वरात गंगूबाईला म्हणाल्या, "सांग, किंचित." गंगूबाई पडद्याकडे वळून म्हणाली, "किंचित." बुटांच्या टाचा जवळ आल्या. औषध सांगितले गेले. तिसऱ्या खोलीतली मोरी गंगूबाई स्वतः धूत असे, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसे. पण मी एकदा गेले होते आणि ते काळे मी पाहिले होते. घरच्या सुनेने पडद्याशी बोलायचे नसते. पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झाले नाही.

सासूबाई गेल्यावर डॉक्टर दौलतरावांना भेटले. ते आवाज चढवून बोलत होते, म्हणून आत ऐकू आले. "मला किंचित सांगितले," ते म्हणत होते. "मी किंचितला औषध दिले. अहो, मला किंचित सांगितले." सासूबाईंच्या धैर्याचे त्या घरात फार कौतुक झाले, आणि मीही करत आले, शेवटपर्यंत हूं की चूं नाही, असे मी माझ्या लेकीसुनांना अभिमानाने सांगितले आहे. अजूनही मला त्यात काही उणे दिसत नाही. फक्त एक प्रश्न मला त्या थांबलेल्या चित्रासमोर प्रथमच पडला. सासूबाईंनी किंचित म्हटल्यावर, त्या शब्दात न मावलेले बाकीचे दुखणे कुठे गेले? ते पडद्याबाहेर गेले नाही, हे तर उघड आहे. ते खोलीत राहिले असणार. जिन्याखाली, फडताळात, त्यांच्या नथीच्या डबीत. आणि घर सोडताना सामानाबरोबर ते राजेंद्र नगरला आलेच नसेल, असे कोण सांगेल? मी पदराखालून हात आत घेतला आणि पोटापर्यंत नेला, पण ठेवला नाही. माझ्या ध्यानात आले की मी भूषणला आणि त्याच्या भावंडांना या पोटात वाढवले, पण दुखते कुठे ते पाहण्यासाठी मी त्या पोटाला कधी स्पर्श केलेला नव्हता. ते जणू दुसऱ्या कुणाच्या खोलीतले सामान होते, ज्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो.

"आली, आली," भूषण म्हणाला. काच थरथरली. पापण्या पूर्ण मिटून उघडल्या. "—भेटू," बाई म्हणाल्या. "हॅलो? ऐकू येतंय का? तर तीन महिन्यांनी."

"मंजिरी," मी म्हटले, "तू आता बोलू नकोस."

तिने हात मांडीवर ठेवले. दचकली नाही, जणू या वाक्याची वाट पाहत असल्यासारखी बसली.

"भूषण, तू बाहेर जा."

"आईसाहेब, मी गेलो आणि लाइन पुन्हा गेली तर? इथे दुसरं कुणालाच जमत नाही हो." तो खरेच सांगत होता. खोटे कारण देताना तो नाक चोळतो. आता त्याने चोळले नाही. पण मला जे सांगायचे होते ते मुलाच्या तोंडावर सांगणे शक्य नव्हते. दौलतरावांनाही मी ते सांगितले नसते. खोलीच्या एका बाजूला, तपासणीच्या खाटेभोवती, हिरव्या कापडाचा पडदा होता, कड्यांवर सरकणारा.

"त्याच्या मागे जाऊन उभा राहा," मी म्हटले. "तार तिथून ओढता येत असेल तर ओढ."

तो खोका हातात घेऊन, तारा सांभाळत, भूषण त्या पडद्यामागे गेला. कड्या खळखळल्या. "इथून चालेल," आतून त्याचा आवाज आला.

"आजी, काय चाललंय तिकडे?" काचेतल्या बाई म्हणाल्या. "मला पुढचे पेशंट आहेत."

"बाई," मी म्हणाले, आणि संचावरच्या काळ्या बटणाकडे पाहिले, "तुम्ही जे लिहिलेत ते माझ्या सुनेने सांगितले त्यावर लिहिलेत. ते मीच तिला तसे सांगायला लावले होते. आता मी सांगते. दिवाळीपासून मला अधूनमधून शौचाला काळे होते. ओल्या डांबरासारखे. जेवण बरेचदा उलटून पडते. ब्लाउज मी दोनदा आत घेतले."

बोलणे झाले आणि भूषणने समजावल्याप्रमाणे मी थांबले. खोलीत ते सगळ्यांनी ऐकले होते, फक्त पुण्यात अजून कुणाला ठाऊक नव्हते. तिथे त्या बाईंच्या चेहऱ्यावर अजून जरा वेळापूर्वीची घाई होती. माझी नजर खाली गेली. हिरवा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता आणि त्याखाली दोन बूट दिसत होते. काळे, पुरुषी, टाचेपाशी झिजलेले. या बुटांना मी चांगले ओळखत होते. आमच्या दारात ते रोज असतात. पण पडद्याखालून पाहिले तेव्हा ते कुणा अनोळखी माणसाचे वाटले, ज्याला आतून काय ऐकू येईल याची भीती वाटत असावी. बूट हलले नाहीत. मग हळूहळू त्यांची पुढची टोके आत वळली, एकमेकांकडे. लहानपणी शाळेत काही घडले की हा असाच उभा राहत असे, दाराशी, पायाचे अंगठे एकमेकांवर ठेवून, आणि मी विचारीपर्यंत काही सांगत नसे.

"काळं म्हणजे अगदी काळं?" काचेतून आवाज आला. घाई त्यातून गेली होती. "लोहाच्या गोळ्या चालू आहेत का?"

"नाहीत."

"दुखण्यावर कसल्या गोळ्या? गुडघ्यासाठी वगैरे?"

"घेते," मी म्हटले. "सियागंजातून भूषण आणतो त्या. रोज." त्या गोळ्या आणि ते काळे एकमेकांशी जोडलेले असेल हे माझ्या मनात कधी आले नव्हते. पडद्यामागे काहीतरी, बहुधा खोका, खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्या आजपासून बंद," त्या म्हणाल्या. लिहिलेला कागद त्यांनी उचलला, दुमडला आणि चौकटीबाहेर ठेवला. "उद्या सकाळी तिथेच दुर्बीण घालून बघायला सांगते मी. जखम असेल, अल्सर असेल, अजून काही असेल. आत बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. ते आता कळेल हे महत्त्वाचं. हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत, आजी?"

"आमच्याकडे ते सांगायची रीत नव्हती," मी म्हणाले.

"बरं. आता पोटावर हात ठेवा. नाही, त्यांचा नको," कारण मंजिरीचा हात पुढे झाला होता, "तुमचाच. बरगड्यांच्या खाली, मध्यभागी. सपाट ठेवा."

मी हात ठेवला. पदराखाली, दोनदा आत घेतलेल्या शिवणीच्या खाली. मला वाटले होते तिथे काही कठीण, परके लागेल. ते मऊ होते आणि गरम होते, आणि माझ्या हाताखाली हळूच वर येत होते, खाली जात होते. ते कितीतरी वर्षे मला न विचारता हेच करत आलेले होते. मला त्याची विचारपूस करावीशी वाटली.

"दाबा. हळूच. दुखतं?"

"दुखते."

"किती?"

तो शब्द आपोआप वर आला. न्हाऊन, केस विंचरून, बरी वस्त्रे नेसून तो जिभेपर्यंत आला आणि उभा राहिला. त्याला रस्ता ठाऊक होता. मी हात तसाच दाबून ठेवला. पडद्याखालचे बूट माझ्याकडे वळलेले होते.

"पुष्कळ," मी म्हटले.

आणि मी थांबले. शब्द खोलीतून गेला. तारेतून, खोक्यातून, भूषणच्या हातांखालून, नर्मदेपलीकडे, घाटांवरून खाली. वाटेत तो कुणीही सुधारला नाही. काचेकडे पाहिले असते तर तो पोचलेला दिसला असता, पण मी वरच्या काळ्या बटणाकडे पाहत होते, कारण त्या बाईंनी माझे डोळे पाहावेत असे मला वाटले. तेव्हा पोचल्याचे मला दिसले नाही, ऐकू आले. तिकडे पुण्यात कुणीतरी खुर्ची पुढे ओढली.